शेडनेटची वही: पाणी, पीएच आणि ईसी, फेब्रुवारी ते जून २०२५

सासवडजवळ दोन गुंठ्यांचं शेडनेट. एनएफटीचे चॅनेल (माती नाही, मुळांवरून खताचं पाणी फिरत राहतं), १२०० भोकं, खाली १००० लिटरची काळी टाकी. पीक लेट्यूस, कडेला दोन ओळी बेसिल. पंप, पाइप, वीज धाकट्या दिरांकडे. खतं, मीटर आणि ही वही माझ्याकडे. सासूबाईंकडे कुठलंच खातं नाही, पण मत सगळ्यावर आहे.

२ फेब्रुवारी

पहिली टाकी भरली. पाणी आपल्या बोअरचं. मीटरवर पीएच ७.९, ईसी ०.९८ (पाण्याची वीजवाहकता, तिच्यावरून विरघळलेले क्षार कळतात; मिलिसीमेन्स प्रति सेंटिमीटर, पुढे नुसता आकडा लिहीन). सेटअप देणाऱ्यांनी ए आणि बी अशी दोन पाकिटं दिली होती. त्यांच्या कागदाप्रमाणे ती विरघळवून घातली. 'पीएच डाऊन' म्हणून फॉस्फोरिक ॲसिडची बाटली दिली आहे, त्याने पीएच ६.० वर आणला. दुपारी रोपं लावली. संध्याकाळी पंपाचा आवाज ऐकत बसलो तिघंही.

३ फेब्रुवारी

सकाळी पीएच ७.२. फोन केला, तर उत्तर आलं, "चार दिवस चढतो मॅडम, मग बसतो."

९ फेब्रुवारी

बसला नाही. रोज सकाळी ७.१ ते ७.४, ॲसिड घातलं की ६.०, दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच. मीटरवर संशय आला म्हणून कॅलिब्रेशन करायला घेतलं. मीटरबरोबर ६.८६ ची पुडी येते, ती पाव लिटर पाण्यात विरघळवायची. मी समोरच्या नळाचं पाणी घेतलं. पुडी टाकली आणि ग्लासात धुकं धरलं. दोन मिनिटं मला वाटत होतं पुडीच खराब आहे. मग ट्यूब पेटली: पुडीत फॉस्फेट, आणि नळाला बोअरचं पाणी, त्यात भरपूर कॅल्शियम. दोघांचं मिळून ते धुकं. डिस्टिल्ड पाणी आणून दुसऱ्या पुडीने केलं, मीटर ठीक निघाला.

त्या ग्लासातल्या धुक्यात पुढचे पंधरा दिवस दिसत होते. तेव्हा ग्लास धुऊन ठेवला, विचार केला नाही.

१४ फेब्रुवारी

ए आणि बीचे तयार केलेले दाट द्रावणाचे कॅन तळाला आले होते. भाऊजींनी जागा मोकळी करायची म्हणून दोन्ही उरलेली द्रावणं एका कॅनमध्ये ओतली. मी गेले तेव्हा आत ताक तयार.

"वहिनी, शेवटी टाकीत एकत्रच जातं ना?"

प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर इथे लिहून ठेवते. ए मध्ये कॅल्शियम नायट्रेट आणि लोह. बी मध्ये फॉस्फेट, सल्फेट, पोटॅश आणि बाकीची सूक्ष्म अन्नद्रव्यं. टाकीत हे सगळं शंभरपट पातळ असतं, म्हणून एकमेकांना भेटूनही विरघळलेलं राहतं. दाट असताना भेटले की कॅल्शियम सल्फेटला धरतं, त्याचं जिप्सम होतं. फॉस्फेटला धरतं, त्याचा पांढरा साका बसतो. हा साका मुळांच्या उपयोगाचा नाही आणि नोझल मात्र नेमाने बंद करतो. टाकीतही आधी पाणी पूर्ण भरायचं, मग ए, नीट फिरू द्यायचं, मग बी.

कॅनवर आता ऑइल पेंटने अक्षरं काढली आहेत. एला लाल झाकण, बीला निळं.

१९ फेब्रुवारी

नवी पानं पिवळी. शिरा हिरव्या, मधला भाग फिका, जुनी पानं ठीक. नव्या पानावर पिवळेपणा म्हणजे लोह, कारण झाड जुन्या पानातलं लोह काढून नव्याला देऊ शकत नाही. कृषी सेवा केंद्रातून १२ टक्क्यांचं ईडीटीए लोह आणलं, २० ग्रॅम घातलं.

२३ फेब्रुवारी

फरक शून्य. टाकीच्या तळाला हात घातला तर पांढरट पिवळी पिठी हाताला लागली. बोटांत चोळली तर शिरगोळ्यासारखी.

२४ फेब्रुवारी

रात्री हिशेब केला आणि झोप उडाली.

तेवीस दिवसांत फॉस्फोरिक ॲसिड किती गेलं ते वहीतून जमवलं: पहिल्या दिवशीचं आणि रोजचं मिळून ७८० मिली. बाटली ८५ टक्क्यांची. एका मिलीत साधारण ०.४५ ग्रॅम फॉस्फरस, म्हणजे टाकीत ३५५ ग्रॅम फॉस्फरस ओतला. लेट्यूसला हजार लिटरमागे ४० ग्रॅम पुरतो. आम्ही नऊपट दिला, तोही पाकिटातला न धरता. तो कॅल्शियमला घेऊन तळाला बसला आणि लोहाचीही वाट लावली. वर पीएच सातच्या पुढे गेला की ईडीटीए लोहाला धरून ठेवू शकत नाही, त्याची पकड साडेसहाच्या आसपासच सुटायला लागते. म्हणजे वरून कितीही लोह घाला.

खरा प्रश्न मात्र वेगळाच आहे, रोज चढतंय काय? टाकीत रोज ४० लिटर ताजं पाणी भरतो. पीएच झाडं चढवत नाहीत (थोडाफार चढवतात, नायट्रेट उचललं की), तो आम्हीच पाइपने रोज आत सोडतोय.

२७ फेब्रुवारी

पाण्याचा नमुना दिला. पंप वीस मिनिटं चालवून मग बाटली भरली, त्याच पाण्याने तीनदा विसळून, हवा न ठेवता गळ्यापर्यंत. हे सगळं पहिल्या टाकीच्या आधी करायचं होतं. सेटअप देणाऱ्यांनी जागा मोजली, सावली मोजली, विजेचा दाब मोजला. पाण्याचं कुणी विचारलं नाही, आणि मीही नाही. बोअरचं पाणी आम्ही पितो, गोड लागतं, मग त्यात बघायचं काय असं वाटलं.

६ मार्च

रिपोर्ट आला. लिटरमागे मिलिग्रॅम: कॅल्शियम ८४, मॅग्नेशियम ३८, सोडियम ५८, पोटॅशियम २. बायकार्बोनेट ३९०, क्लोराइड ७१, सल्फेट ४८, नायट्रेट २८.

रिपोर्ट खरा आहे का हे घरबसल्या तपासता येतं. प्रत्येक आकड्याला त्याच्या तुल्यभाराने भागायचं (कॅल्शियमला २०, मॅग्नेशियमला १२.२, सोडियमला २३, पोटॅशियमला ३९, बायकार्बोनेटला ६१, क्लोराइडला ३५.५, सल्फेटला ४८, नायट्रेटला ६२). धन बाजू ९.८९ आली, ऋण बाजू ९.८५. दोन्ही जुळल्या पाहिजेत, आणि दहाने भागल्यावर ईसीच्या जवळ आल्या पाहिजेत. ०.९८. प्रयोगशाळेतल्या माणसाला मनातल्या मनात नमस्कार केला.

आता सगळं कागदावर दिसतं. बायकार्बोनेट ६.४ मिलितुल्य (वरच्या भागाकाराचं उत्तर). आमचं सगळं दुखणं या एका आकड्यात आहे. बेसॉल्टच्या कातळातून मुरून आलेलं पाणी, त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट असायचंच. पुरंदरात काय, दख्खनच्या बऱ्याच बोअरांत हीच तऱ्हा. पीएच ७.९ हा आकडा घाबरवणारा वाटतो, पण त्यात काही नाही. पीएच सांगतो पाणी आत्ता कुठे उभं आहे. तिथून हलवायला जोर किती लागेल ते बायकार्बोनेट सांगतं. पावसाचं पाणी ७.९ वर असतं तर ॲसिडच्या चार थेंबांत खाली आलं असतं.

आणि दुसरी गोष्ट: पाकिटातली कृती गृहीत धरते की पाणी कोरं आहे. आमच्या पाण्यात मॅग्नेशियम ३८, लेट्यूसला लागतं जवळपास तेवढंच. कॅल्शियम निम्म्याहून जास्त आधीच हजर. पाकिटाने वर पुन्हा पूर्ण माप ओतलं.

७ ते ९ मार्च

बादली चाचणी. नायट्रिक ॲसिड ठरवलं, कारण त्यातून नायट्रोजन मिळतो आणि तो हवाच आहे. फॉस्फोरिकने ५.७ मिलितुल्य मारायचे तर फॉस्फरस पुन्हा १७७ वर जातो, तो प्रयोग करून झालाय.

६८ टक्क्यांचं नायट्रिक ॲसिड ६६ मिली, पाण्यात मिसळून एक लिटर केलं. म्हणजे या पातळ ॲसिडचा एक मिली बरोबर एक मिलितुल्य. पाणी आधी, ॲसिड नंतर, बारीक धारेने. उलटं कधीच नाही. गॉगल, लांब हातमोजे, बाजूला पाण्याची भरलेली बादली आणि खायच्या सोड्याचा डबा. सासूबाईंना सांगितलं इकडे फिरकू नका. त्या दारात खुर्ची टाकून बसल्या.

दहा लिटर बोअरचं पाणी, त्यात सिरिंजने:

२० मिली: पीएच ६.७
३० मिली: ६.४
४० मिली: ६.१
५० मिली: ५.८

तीस आणि चाळीसच्या मध्ये बादलीच्या कडेला बारीक बुडबुडे यायला लागले, सोड्याच्या बाटलीत येतात तसे. बायकार्बोनेट फुटून कार्बन डायऑक्साइड निघतोय. मला वाटलं झालं, ५.८ मिळाला. रात्री माशांच्या टाकीतला एअर पंप बादलीत सोडून झोपले.

सकाळी ७.६.

हाच तो रोजचा चढ, आता बादलीत, ना झाड ना खत. संध्याकाळचा ५.८ हा विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडचा होता. वायू उडाला आणि उरलेल्या बायकार्बोनेटने पीएच वर नेला. आणखी ८ मिली घातलं, पुन्हा हवा सोडली. दुसऱ्या सकाळी ७ च्या थोडं वर, पण नुसत्या पाण्याला तेवढं चालतं; वर फॉस्फेट आणि ॲसिडिक खतं येणारच आहेत. सगळं बायकार्बोनेट मारायचं नाही, अर्धा-पाऊण मिलितुल्य ठेवायचा, नाहीतर पुढे पीएचला धरायला काही उरत नाही आणि तो कोसळतो.

ठरलं: दहा लिटरला ५८ मिली, म्हणजे हजार लिटरला मूळ ॲसिड साधारण ३८० मिली. आदल्या संध्याकाळी घालायचं, रात्रभर हवा, सकाळी खत.

१० मार्च

जुनी टाकी पूर्ण रिकामी केली, पाणी शेवग्याला. चॅनेल धुतले. पाकिटं बंद, सुटी खतं सुरू. दुकानात नावं सांगायची गरज नाही, नत्र, स्फुरद, पालाशच्या टक्क्यांचे आकडे सांगितले की पुरतं: शून्य बावन्न चौतीस, तेरा शून्य पंचेचाळीस, झिरो झिरो पन्नास. द्राक्षवाल्यांमुळे इथल्या दुकानदारांना हे पाढ्यासारखं पाठ आहे.

हजार लिटरला:

ॲसिडमधून नायट्रोजन ८१ ग्रॅम. याच्याशिवाय पुढचा हिशेब चुकतो.
कॅल्शियम नायट्रेट ३५० ग्रॅम (पाण्यातलं ८४ धरून कॅल्शियम १५०)
शून्य बावन्न चौतीस (पोटॅशियम फॉस्फेट) १७६ ग्रॅम
तेरा शून्य पंचेचाळीस (पोटॅशियम नायट्रेट) २३० ग्रॅम
झिरो झिरो पन्नास (पोटॅशियम सल्फेट) १५५ ग्रॅम
मॅग्नेशियम सल्फेट: नाही. पाच किलोची पिशवी उघडलीच नाही.
लोह ईडीटीए १७ ग्रॅम, बोरिक ॲसिड १.८ ग्रॅम, बाकी सूक्ष्म.

पाच हजार लिटरचं दाट द्रावण एकदम केलं, पन्नास-पन्नास लिटरच्या दोन कॅनमध्ये, म्हणून वजनं पाचपट. सोडियम मॉलिब्डेट तरीही फक्त ०.६५ ग्रॅम भरतं. ते किराणा काट्यावर दिसत नाही. सोनाराकडे असतो तसला छोटा काटा ऑनलाइन मागवला. सासूबाईंनी विचारलं, "कोणाचं मंगळसूत्र मोडतेस?"

कॅल्शियम नायट्रेट विरघळवताना बादली गारठते. पावणेदोन किलो टाकून ढवळलं तर बाहेरून घाम धरला, हाताला माठासारखी गार. पोटॅशियम नायट्रेटचंही तेच. गार पाण्यात खतं आणखी हळू विरघळतात, म्हणून कोमट पाण्यात सुरुवात करावी. झिरो झिरो पन्नास सगळ्यात हट्टी, त्याला अर्धा तास ढवळावं लागलं.

लोहाचा कॅन काळ्या गोणपाटात. ऊन लागलं की लोहाला धरून ठेवणारं चिलेट (ईडीटीए) तुटतं.

१६ मार्च

सहा दिवस पीएच ५.९ ते ६.४. नवी पानं हिरवी येताहेत. रोजच्या भरतीच्या पाण्यालाही ॲसिड मारूनच टाकतो, त्यासाठी २०० लिटरचा वेगळा ड्रम.

ईसी मात्र १.८५. थंडीत चाललं असतं, आता ऊन चढतंय. उन्हाळ्यात झाड पाणी जास्त पितं आणि खत कमी, म्हणून द्रावण पातळ हवं, १.२ ते १.४. पण पातळ करायला माझ्याकडे ०.९८ चंच पाणी आहे. खर्चायला शंभर रुपये आणि त्यातले पन्नास आधीच भाड्यात गेलेले, तशातली गत.

१९ मार्च

आतल्या कोवळ्या पानांच्या कडा जळालेल्या, साधारण दर दहातलं एक रोप. कॅल्शियम १५० असून कॅल्शियमची कमतरता. कोवळ्या आतल्या पानाला बाष्पोत्सर्जन कमी, तिथपर्यंत कॅल्शियम पोचतच नाही. ईसी जास्त आणि हवा कोंडलेली असली की आणखी कठीण. भाऊजींनी जुना टेबल फॅन बांधला.

आजच आणखी एक घोळ उलगडला. फोनवरचे सल्लागार म्हणायचे, "८४० ठेवा." मी टीडीएस मीटरवर (विरघळलेले क्षार पीपीएममध्ये, म्हणजे दशलक्ष भागांत किती, असे दाखवणारा) ८४० ठेवत आले. त्यांचा मीटर ७०० च्या पट्टीचा, माझा ५०० च्या. त्यांचे ८४० म्हणजे ईसी १.२, माझे ८४० म्हणजे १.६८. मीटर मोजतो ईसीच, पीपीएम हा त्याने मनाने गुणलेला आकडा असतो. आजपासून या वहीत पीपीएम लिहायचं ते फक्त वजनाच्या हिशेबात.

३० मार्च, गुढीपाडवा

आरओ सुरू. तासाला २५० लिटरचा, सेकंडहँड. घरात यावरून दोन आठवडे वाद. अर्धं पाणी गोडं होऊन येतं, अर्धं दुप्पट खारट होऊन बाहेर पडतं. सासूबाई म्हणाल्या, "अगं, कऱ्हा कोरडी पडलीय, उद्या टँकर लागेल, आणि तू निम्मं पाणी मोरीत सोडणार?" त्यांचं चुकत नाही. या तालुक्यात पाणी फेकणं हे अन्न फेकण्यासारखं.

तोडगा असा: सगळं पाणी आरओचं नाही. निम्मं आरओ, निम्मं बोअर. ईसी ०.५ च्या आसपास, बायकार्बोनेट ३.२, ॲसिड ३८० ऐवजी १७०. मॅग्नेशियम आता १९ च उरलं, म्हणून पिशवी अखेर उघडली, १०० ग्रॅम. फेकायचं पाणी ईसी १.९ चं, ते गजराज गवताला आणि शेड धुवायला. अंजिराला नको म्हणून सासूबाईंनी बजावलं. अंजीर खारं पाणी बऱ्यापैकी सोसतं असं मी म्हटलं. "सोसतं म्हणून द्यायचं का?" विषय संपला.

नवा ईसी १.३५. गुढी उतरवली तेव्हा द्रावण फिरत होतं.

१८ एप्रिल

टाकीतलं पाणी दुपारी ३३ अंश. मुळं तपकिरी, ओढली तर साल हातात येते आणि आत दोरा उरतो. वास कुजका. पिथियम असणार, मुळं कुजवणारा बुरशीसारखा रोग. ३० अंशांच्या पाण्यात जास्तीत जास्त ७.५ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, २० अंशांना ९ च्या वर. हे आकडे समुद्रसपाटीचे, सासवड बरंच उंच, म्हणजे आमच्याकडे आणखी कमी. गरम पाण्यात मुळांना श्वास जास्त हवा असतो आणि मिळतो कमी.

तीनशे रोपं काढून टाकली. टाकी अर्धी जमिनीत पुरली, वर ओलं गोणपाट, परतीचा पाइप उंचावरून पडेल असा केला. सकाळ-संध्याकाळ बर्फाच्या दोन लिटरच्या चार-चार बाटल्या. दुपारी २८ च्या वर जाऊ देत नाही. फ्रीजमध्ये आता कैरीच्या पन्ह्यालाही जागा नाही.

२३ एप्रिल

ईसी बरोबर १.३५, पीएच ६.१, तरीही झाडं मंद. टाकीला चोवीस दिवस झाले. रोज १४० लिटर भरती, म्हणजे टाकीपेक्षा तिप्पट पाणी आत येऊन गेलं. लेट्यूस सोडियम फारसं उचलत नाही, ते साठत जातं. लिटरमागे २९ ने सुरू झालेलं आता शंभरावर असलं पाहिजे. ईसीला काय, पोटॅशियम गेलं आणि सोडियम आलं तरी आकडा तोच दिसतो. उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी टाकी बदलायची, मीटर काहीही म्हणो.

२ मे

बोअर अर्ध्या तासात हवा ओढायला लागला. टँकर मागवला. पाण्याला क्लोरीनचा वास. ईसी ०.४२. चला, आरओशिवाय निम्म्या मिश्रणाइतकंच! रात्रभर हवा सोडली, वास गेला, मिश्रणाचीच कृती घातली. बादलीत ॲसिड तेवढं पाहून घेतलं, १५० मिली बसलं.

१४ मे

आता जुनी पानं पिवळी, शिरांच्या मधून, नवी ठीक. फेब्रुवारीच्या बरोबर उलट. झाड जुन्या पानातून काढून नव्याला देतंय, म्हणजे मॅग्नेशियम.

पाण्याच्या कडकपणाचं थेंबांचं किट आणलं. टँकरच्या पाण्यात मॅग्नेशियम जेमतेम ७. माझं शंभर ग्रॅम धरूनही १७ च्या खाली. ईसी सारखा म्हणजे पाणी सारखं, असं मी गृहीत धरलं. तेही मार्चमधला रिपोर्ट भिंतीवर चिकटवलेला असताना. मॅग्नेशियम सल्फेट २५० ग्रॅम केलं.

दर टँकरला बादली आणि थेंब, दोन्ही. टँकरवाला विचारतो, "ताई, पाण्याची पत्रिका बघता का?"

२६ मे

पाऊस. २४ ला केरळात, आज मुंबईत मान्सून पोचल्याचं जाहीर झालं, मुंबईत इतक्या लवकर कधी आला नव्हता म्हणतात. आमच्याकडे त्याआधीच दोन रात्री धो धो. घराच्या पत्र्याचं पाणी पन्हळीतून ड्रमात वळवलं. पहिलं तासाभराचं सोडून दिलं, धूळ आणि पक्ष्यांची घाण. नंतरचं ईसी ०.०४.

फुकटचं आरओ. भाऊजींनी सगळे ड्रम, हंडे, जुनी पाण्याची टाकी, सापडेल ते मांडलं.

३ जून

पावसाच्या पाण्याने टाकी भरली आणि सवयीने आदल्या संध्याकाळी ॲसिड मापलं. १७० वर हात गेला होता, मग आठवलं, म्हणून "थोडंच" म्हणत २० मिली घातलं. पीएच ३.५. हजार लिटर पाण्याला वीस मिली, जेमतेम चार चहाचे चमचे. आत धरायला काहीच नव्हतं.

त्यात टँकरचं उरलेलं पाणी सोडलं, पीएच ७ जवळ परत. आता उलटा खेळ: पावसाच्या पाण्यात थोडं बायकार्बोनेट मुद्दाम हवं. सात भाग पाऊस, तीन भाग बोअर, म्हणजे बायकार्बोनेट १.९, ॲसिड ८५ मिली. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम जवळजवळ पूर्ण माप. शून्य बावन्न चौतीसची थोडी जागा बारा एकसष्टला (अमोनियम फॉस्फेट) दिली, हजार लिटरला ७५ ग्रॅम. त्यातला अमोनियाकल नायट्रोजन झाड उचलतं तेव्हा पीएच खाली ओढतो, नायट्रेटच्या चढाला उतारा. पण जास्त नको.

११ जून

पीएच आठ दिवस ५.८ ते ६.२, मी हात लावलेला नाही. ईसी १.४, पाणी २५ अंश. मुळं पांढरी, केसाळ. आज ४१ किलो माल गेला.

टाकीच्या भिंतीवर ऑइल पेंटने चार रकाने काढले: बोअर, बोअर-आरओ, टँकर, पाऊस-बोअर. प्रत्येकाखाली ॲसिड, कॅल्शियम नायट्रेट, मॅग्नेशियम. टँकरखाली आकडा नाही, 'आधी बादली' एवढंच.

१७ जून

बोअर पुन्हा भरून आलाय, पंप दोन तास सलग चालतो. नमुना प्रयोगशाळेत दिला, पंप वीस मिनिटं चालवून, बाटली तीनदा विसळून. रिपोर्टला आठवडा लागेल.

तोवर बादली केली. दहा लिटरला ५० मिलीत ५.८ यायचा, तो आज ४१ मध्ये आला. रात्रीसाठी एअर पंप लावलाय. बोअरच्या रकान्यातला ३८० खरवडून काढला, नवा आकडा उद्या सकाळचा पीएच बघून.